घटनेत लिहिलंय तरी काय? अमेरिकेतले उजवे न्यायमूर्ती राज्यघटना कशी वाचतात

१९४७ च्या अखेरीस आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले. बरोबर भारताच्या घटनेचा मसुदा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना ते भेटले. मसुद्यात एका जागी अमेरिकी घटनेतले ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायद्याची उचित प्रक्रिया) हे शब्द होते. फ्रँकफर्टर यांचा सल्ला स्पष्ट होता: हे शब्द ठेवू नका. त्यांच्या आधारानं मूठभर न्यायाधीश लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाचे कायदे रद्द करू लागतात, आणि ते लोकशाहीला धरून नाही. मसुदा बदलला. आज आपल्या कलम २१ मध्ये ‘कायद्यानं ठरवून दिलेली कार्यपद्धती’ अशा अर्थाचे शब्द आहेत ते यामुळे.

यावर १३ डिसेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. कोलंबिया विद्यापीठात शिकल्यामुळे त्यांना अमेरिका आतून ठाऊक होती. त्यांनी दोन्ही भीती सभागृहापुढे ठेवल्या. एकाच पक्षाच्या माणसांनी भरलेलं कायदेमंडळ नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला घालू शकतं, ही एक. आणि न्यायालयात बसलेले पाच-सहा गृहस्थ आपापल्या विवेकानं किंवा पूर्वग्रहानं कुठला कायदा चांगला आणि कुठला वाईट हे ठरवणार, यावर तरी विश्वास कसा ठेवायचा, ही दुसरी. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला.

अमेरिकेतली उजवी घटनात्मक विचारसरणी समजून घ्यायची तर बाबासाहेबांची ही दुसरी भीती हातात धरून सुरुवात करावी. गर्भपात, बंदूक, आरक्षण यांवरचे निकाल वाचताना ‘उजवे न्यायमूर्ती, म्हणून उजवा निकाल’ एवढंच बातम्यांतून हाती लागतं. ते पूर्ण खोटं नाही. पण त्यामागे एक पद्धत आहे, आणि ती न समजता तिच्यावर टीकासुद्धा नीट करता येत नाही.

आधी एक साधी गोष्ट. आपल्या घटनेत २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. अमेरिकेची घटना १७८९ पासून अमलात आहे आणि तिच्यात आजवर फक्त २७ दुरुस्त्या आहेत. त्यातल्या पहिल्या दहा तर १७९१ मध्येच झाल्या. दुरुस्तीसाठी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि त्यावर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. आजच्या दुभंगलेल्या अमेरिकेत हे जवळजवळ अशक्य आहे. मग घटना बदलत नाही, तिचा अर्थ बदलतो. आणि अर्थ सांगायचं काम नऊ न्यायमूर्तींकडे, तेही तहहयात. म्हणूनच एका नेमणुकीवरून तिथं निवडणुका पेटतात.

उजव्यांचं म्हणणं असं: घटना म्हणजे कधीतरी लोकांनी मंजूर केलेला लेख. मंजुरीच्या वेळी सामान्य, जाणत्या वाचकाला त्या शब्दांचा जो अर्थ लागला असता, तोच न्यायाधीशानं लावावा. काळ बदलला असेल तर कायदा करा, घटना दुरुस्त करा. पण न्यायाधीशानं जुन्या शब्दात नवा अर्थ भरू नये. याला ओरिजिनॅलिझम म्हणतात. आपण ‘मूळ-अर्थवाद’ म्हणू. साध्या कायद्यांच्या बाबतीत हीच शिस्त ‘टेक्स्च्युअलिझम’ म्हणून ओळखली जाते: कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते शोधू नका, कागदावर काय उतरलं ते वाचा.

मूळ अर्थ का शोधावा लागतो, हे मराठी माणसाला ‘राजीनामा’ या एका शब्दावरून कळेल. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ ‘राजी असल्याचा कागद’, म्हणजे संमतीपत्र. जुन्या दस्तात दोन भाऊबंदांनी ‘राजीनामा लिहून दिला’ असं आलं आणि आपण आजचा अर्थ लावला, तर तडजोड करणारी माणसं नोकरी सोडून निघाली असं वाटेल. अमेरिकी घटनेतही असा एक शब्दप्रयोग आहे. चौथ्या अनुच्छेदात राज्यांना ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’पासून संरक्षण देण्याची हमी आहे. आज या शब्दांचा अर्थ घरातली मारहाण. तेव्हाचा अर्थ होता राज्यांतर्गत बंडाळी. इथवर कुणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो ‘स्वातंत्र्य’, ‘समान संरक्षण’ अशा मोठ्या, मोकळ्या शब्दांपाशी.

हा विचार आज उजव्यांच्या नावावर असला तरी न्यायालयानं हात आखडता घ्यावा, ही मागणी एके काळी डाव्यांची होती. फ्रँकफर्टर स्वतः रूझवेल्ट यांनी नेमलेले, पुरोगामी गोटातले. त्यांच्या पिढीला ‘लॉकनर’ खटला आठवत होता. न्यू यॉर्क राज्यानं बेकरी कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. १९०५ मध्ये न्यायालयानं तो कायदा रद्द केला. कारण? चौदाव्या दुरुस्तीत ‘ड्यू प्रोसेसशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये’ असं लिहिलंय आणि करार करण्याचं स्वातंत्र्य त्यात येतं. शब्द घटनेचे होते, अर्थशास्त्र मात्र न्यायाधीशांचं. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात बजावलं की घटना कुठल्याही एका आर्थिक सिद्धान्तासाठी लिहिलेली नाही. पुढची तीस वर्षं कामगार कायदे याच खडकावर आपटत राहिले.

मग १९७३ आलं. ‘रो विरुद्ध वेड’मध्ये न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि तो त्याच चौदाव्या दुरुस्तीतल्या त्याच ‘स्वातंत्र्य’ शब्दात सापडला. उजवे म्हणाले, हा लॉकनरच आहे, फक्त माणसं बदलली. यातूनच चळवळ उभी राहिली. १९८२ मध्ये उजव्या विचारांच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरलिस्ट सोसायटी स्थापन केली. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे ॲटर्नी जनरल एडविन मीस यांनी मूळ अर्थाकडे परत चला, अशी जाहीर हाक दिली. १९८६ मध्ये मूळ-अर्थवादी अँटोनिन स्कालिया सिनेटमधल्या ९८ विरुद्ध शून्य मतांनी न्यायमूर्ती झाले. पुढच्याच वर्षी त्याच विचाराचे रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारली. ती जखम उजव्यांनी कधी भरू दिली नाही.

२४ जून २०२२ ला ‘डॉब्स’ निकाल आला आणि रो रद्द झाला. मिसिसिपीचा कायदा पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला बंदी घालणारा होता. तो सहा जणांनी वैध ठरवला. रो मुळातून उखडायला मात्र पाचच जण तयार होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना तेवढ्या पुढे जायचं नव्हतं. न्यायमूर्ती अलिटो यांचा युक्तिवाद असा: घटनेत गर्भपाताचा उल्लेख नाही. न लिहिलेला हक्क मानायचा तर तो देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोलवर रुजलेला हवा, ही कसोटी १९९७ च्या एका निकालानं घालून दिली आहे. १८६८ मध्ये, चौदावी दुरुस्ती झाली तेव्हा, बहुतेक राज्यांत गर्भपात गुन्हा होता. म्हणून हा प्रश्न लोकांकडे आणि त्यांच्या प्रतिनिधींकडे परत जातो.

ब्रेयर, सोतोमायोर आणि केगन या तीन न्यायमूर्तींचं उत्तर मला आजही बोचतं. १८६८ मध्ये ज्यांनी ही दुरुस्ती मंजूर केली त्यांच्यात एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना मतच नव्हतं. त्या पुरुषांना ‘स्वातंत्र्य’ शब्दाचा जेवढा अर्थ दिसला, तेवढ्यावरच आजच्या स्त्रीचं शरीर बांधून ठेवायचं का? मूळ-अर्थवादी म्हणतील, उपाय दुरुस्तीचा आहे. पण ती दुरुस्ती किती दुर्मीळ आहे ते आपण वर पाहिलं. या पद्धतीची सगळ्यात कमकुवत जागा मला हीच वाटते.

तरीही ‘लोकांकडे परत’ हे शब्द निव्वळ पोकळ नव्हते. निकालाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा कॅन्ससमध्ये, म्हणजे रिपब्लिकनांच्या भरवशाच्या राज्यात, गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकानं फेटाळला. २०२३ मध्ये ओहायोनं हा हक्क राज्याच्या घटनेत लिहूनच टाकला. त्याच वेळी टेक्सससारख्या राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी आली. एका देशात पन्नास उत्तरं. उजव्यांच्या मते संघराज्य म्हणजे हेच. दुसऱ्या बाजूच्या मते हक्क राज्याच्या सीमेवर संपत असेल तर त्याला हक्क म्हणू नये.

बंदुकीच्या बाबतीत गाडी उलट दिशेनं जाते. इथं शब्द घटनेत आहेत: दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा आणि जवळ ठेवण्याचा लोकांचा हक्क. २००८ च्या ‘हेलर’ निकालात स्कालिया यांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला. २०२२ च्या ‘ब्रूएन’मध्ये न्यायमूर्ती थॉमस यांनी कसोटी आणखी कडक केली: सरकारला शस्त्रांवर बंधन घालायचं असेल तर त्याच जातीचं बंधन इतिहासात होतं हे दाखवा. खालच्या न्यायालयांची तारांबळ उडाली. न्यायाधीश अठराव्या शतकातले कायदे उपसायला लागले, आणि एकाच प्रश्नावर वेगवेगळे निकाल यायला लागले. पत्नीला किंवा जोडीदाराला धोका आहे म्हणून ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम आहे, त्याची बंदूक काढून घेता येते का? जुन्या काळी तसा कायदा नव्हता, कारण जुन्या काळी घरातली मारहाण गुन्ह्यात धरायचेच क्वचित. २०२४ च्या ‘रहिमी’ निकालात न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की हुबेहूब जुना कायदा शोधायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. विरोधातलं ते एक मत थॉमस यांचं होतं. ब्रूएनची कसोटी लिहिणाऱ्याचं. ते त्यांच्या कसोटीशी प्रामाणिक राहिले असं म्हणता येईल, आणि त्या कसोटीत काय चुकलं होतं हेही त्यातूनच दिसतं.

तिसरा धागा बातम्यांत कमी येतो, पण माझ्या मते रोजच्या कारभारावर त्याचा परिणाम सगळ्यात खोल आहे. काँग्रेसचा कायदा संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ कोण लावणार, सरकारी खातं की न्यायालय? १९८४ च्या ‘शेवरॉन’ निकालानं उत्तर दिलं होतं: खात्यानं लावलेला अर्थ वाजवी असेल तर न्यायालयानं तो मानावा. गंमत अशी की तेव्हा हा उजव्यांचा विजय मानला गेला. रेगन सरकारच्या पर्यावरण संस्थेनं कारखान्यांना सवलत देणारा अर्थ लावला होता, आणि न्यायालयानं तो उचलून धरला. त्या संस्थेच्या प्रमुख होत्या ॲन गॉर्सच. स्कालियासुद्धा कैक वर्षं शेवरॉनचे समर्थक होते.

चाळीस वर्षांनी, २८ जून २०२४ ला, ‘लोपर ब्राइट’ निकालानं शेवरॉन रद्द झाला. खटला हेरिंग मासे पकडणाऱ्या मच्छीमारांचा. सरकारी नियम म्हणत होता की बोटीवर निरीक्षक घ्या आणि त्याचा पगारही तुम्हीच द्या. कायद्यात निरीक्षक घ्यायची सोय होती. अशा बोटींनी पैसे द्यावेत असं मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की कायद्याचा अर्थ लावणं हे न्यायालयाचंच काम आहे. शेवरॉनविरुद्ध कैक वर्षं लिहीत आलेले आणि या बहुमतात असलेले न्यायमूर्ती नील गॉर्सच हे त्याच ॲन गॉर्सच यांचे चिरंजीव.

इथं उजव्यांची मूळ चिंता चांगली कळते. निवडून न आलेला अधिकारी एका परिपत्रकानं लाखो लोकांच्या धंद्याचे नियम बदलतो, हा अनुभव आपल्यालाही परका नाही. पण न्यायमूर्ती केगन यांचा आक्षेपही तितकाच खरा आहे: हवेत कुठल्या वायूचं किती प्रमाण चालेल हे ठरवायला शास्त्रज्ञांचं खातं बरं, की वकिलीचं शिक्षण घेतलेले नऊ जण? तज्ज्ञांकडून काढलेली सत्ता आपोआप लोकांकडे जात नाही. वाटेत ती न्यायाधीशांच्या हातात थांबते.

आरक्षणासारख्या धोरणांवरचा २०२३ चा निकाल आपल्याकडे बराच वाचला गेला, कारण खटल्याच्या केंद्रस्थानी आशियाई वंशाचे विद्यार्थी होते आणि त्यांत भारतीय घरांतली मुलंही येतात. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. आधार होता चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षण. इथल्या काहींनी हा निकाल आपल्या आरक्षणाविरुद्ध वापरायचा प्रयत्न केला. तो टिकत नाही, आणि न टिकण्याचं कारण उजव्यांच्याच पद्धतीत आहे. आपल्या घटनेच्या कलम १५(४) आणि १६(४) मध्ये मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीचा अधिकार शब्दांत लिहिलेला आहे. अमेरिकी घटनेत तसे शब्द नाहीत. मजकूर वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

आता खरी कसोटी. पद्धत प्रामाणिक आहे की हवा तो निकाल मिळवायचं साधन, हे ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट पाहतो: ती पद्धत आपल्याच गोटाला नको असलेल्या जागी घेऊन जाते तेव्हा न्यायाधीश काय करतो. १९८९ मध्ये राष्ट्रध्वज जाळणाऱ्याच्या बाजूनं पाचवं मत स्कालिया यांनी दिलं, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती तेच सांगते असं त्यांना वाटलं. ते कृत्य त्यांना मनापासून तिरस्करणीय वाटत होतं. २०२० मध्ये गॉर्सच यांनी ‘बोस्टॉक’ निकाल लिहिला: नोकरीत ‘लिंगावरून’ भेदभाव करू नये असा १९६४ चा कायदा आहे, आणि समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीला काढताना लिंग विचारात घ्यावंच लागतं, म्हणून त्यांनाही संरक्षण आहे. अनेक उजवे त्यांच्यावर तुटून पडले. त्याच वर्षी त्यांनीच पूर्व ओक्लाहोमाचा मोठा भाग करारानुसार अजून मूळ रहिवाशांची राखीव भूमी आहे असंही ठरवलं. शब्द पाळायचे तर असे पाळायचे.

याच मापानं १ जुलै २०२४ चा निकाल मोजावा. राष्ट्राध्यक्षाला त्याच्या अधिकृत कृतींसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण आहे, गाभ्यातल्या अधिकारांपुरतं तर संपूर्ण, असं सहा जणांनी सांगितलं. घटनेत हे शब्द कुठं आहेत? नाहीत. उलट महाभियोगात दोषी ठरलेल्यावर पुढं रीतसर खटला चालू शकतो, असं घटना सांगते. निकालाचा भर सत्ताविभागणीच्या रचनेवर आणि राष्ट्राध्यक्षानं न कचरता काम करावं या गरजेवर आहे. ते तर्क मी समजू शकतो. पण गर्भपाताच्या वेळी ‘लिहिलेलं नाही’ हे निर्णायक होतं आणि इथं ते आड आलं नाही. बहुमतातल्या न्यायमूर्ती बॅरेटसुद्धा सगळ्या युक्तिवादाशी सहमत नव्हत्या. माझ्या मते त्या दिवशी पद्धत मागं पडली.

आणि सगळ्यात जवळचा प्रश्न, कारण तो न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या कितीतरी मराठी घरांत शिरला. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला: आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथून पुढं अमेरिकेत जन्मलेलं त्यांचं मूल जन्मानं नागरिक मानायचं नाही. ‘तात्पुरत्या व्हिसा’त एच-१बी येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभी असलेली जोडपी त्यात येतात. तीनच दिवसांत सिएटलमधल्या न्यायाधीशांनी हा हुकूम उघडउघड घटनाविरोधी म्हणत रोखला. ते न्यायाधीश रेगन यांनी नेमलेले होते. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं बॅरेट यांच्या लेखणीतून जे ठरवलं ते वेगळ्या प्रश्नावर होतं: एका जिल्हा न्यायाधीशाला सरसकट देशभर मनाई हुकूम देता येतो का? उत्तर नकारार्थी आलं, आणि त्यासाठी संघराज्याची न्यायालयं स्थापणाऱ्या १७८९ च्या कायद्याच्या काळी न्यायालयांकडे कोणते अधिकार होते ते पाहिलं गेलं. नागरिकत्वाचा अर्थ त्या निकालानं ठरवला नाही.

तो अर्थ एका अटीभोवती फिरतो. चौदावी दुरुस्ती म्हणते, अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. हुकुमाचे समर्थक म्हणतात, ‘अधीन’ म्हणजे पूर्ण निष्ठा. सिनेटर ट्रंबुल यांनी या दुरुस्तीवरच्या १८६६ च्या चर्चेत दुसऱ्या कुणाशी निष्ठा नसणं असा अर्थ सांगितला होता. विरोधक म्हणतात, अधीन म्हणजे इथला कायदा लागू असलेला. अपवाद परकीय वकिलातीतल्यांचे, शत्रूसैन्याचे, आणि मूळ रहिवाशांच्या त्या काळच्या स्वायत्त टोळ्यांचे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांपोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी नागरिक ठरवलं, तेव्हा चिन्यांना नागरिकत्व घेण्याचीच बंदी होती.

मूळ अर्थ शोधणाऱ्याला आणखी एक कागद चाळावाच लागेल. ३० मे १८६६ ला सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन उठले आणि त्यांनी नेमकं हेच विचारलं: कॅलिफोर्नियातल्या चिनी स्थलांतरिताचं मूल नागरिक होणार का? त्यांना ते नको होतं. उत्तर द्यायला कॅलिफोर्नियाचेच सिनेटर जॉन कॉनेस उभे राहिले. स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले. होय, ती मुलं नागरिक होणार, आणि आम्हाला ते मान्य आहे, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकूनच सिनेटनं ते शब्द मंजूर केले.